रुसव्याची सोय

डोळ्यांत औषध टाकून नीलकंठरावांना दवाखान्याच्या बाकावर मिटल्या डोळ्यांनी बसवलं होतं, त्यामुळे कानांना भरपूर काम होतं. शेजारी दोन बायका बोलत होत्या.

"भाचीच्या लग्नाला चालली ना, अनसूया?"

"काहून जाऊ, पुष्पा? भाऊ दीक्षितपुऱ्यात, मी दोन गल्ल्या सोडून. पण अक्षत घेऊन आला नाही. पत्रिका ग्रुपवर टाकली."

"मग तू?"

"रुसली. ग्रुपच सोडला."

"अच्छा! मग मनवायला आले?"

"कुठचे! वहिनीनं परत जोडून घेतलं. ना 'ताई, चुकलं', ना काही. मी पुन्हा सोडला, तिनं पुन्हा जोडलं."

"हे काय मनवणं झालं? माझ्या लग्नात आत्या रुसून टांग्यात बसली, तं अर्धी वरात तिची समजूत काढून राहिली होती!"

"तेच तं! थांब, फोन वाजून राहिला."

"भाऊच आहे! उचल ना वं."

"वाजू दे. जरा मनवू दे त्याला."

फोन वाजून वाजून थांबला. नीलकंठरावांनी श्वास रोखला. मग टुंग झालं.

"काय लिहिलं?"

"'सॉरी ताई, गलती से लग गया.'"

पर्सची चेन कर्रकन ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे आता पक्कं नाही जात तू."

"नाही कशी? जाते ना! घरी बसून रुसलं तं कोणाला दिसतच नाही. आता मंगलाष्टकं सुरू झाली, की समोर उभी राहून रुसते."