सव्वीस नंबर

टिंबू : हात वर. दोघांचेही. टेबलावर, मला दिसतील असे.

आई : अगं, कप तरी उचलू दे आधी.

टिंबू : कप राहू देत. मी आज चहाला आणलाय तो खाली लिफ्टमध्ये अडकलेल्या काकूंना बाहेर काढतोय, त्याला दहा मिनिटं लागतील. तेवढ्यात मला तुमच्याशी बोलायचंय. बाबा, बोटं.

बाबा : बोटांनी काय केलं आता?

टिंबू : बोलली. चहा संपेपर्यंत अखंड बोलत होती.

आई : वय झालंय गं त्यांचं. शिवशिवतात.

टिंबू : हे मी चौतीस वर्षं ऐकतेय. मी बालवाडीत होते तेव्हाही वय झालेलं होतं का? आणि तुझी कधीपासून शिवशिवायला लागली?

आई : त्यांचं बघून.

टिंबू : तुम्ही दोघं तारऑफिसात होता, हे मला माहीत होतं. रिटायर होताना यंत्र तिथेच ठेवून आलात असं वाटलं होतं मला. जेवायच्या टेबलावर आणून बसवलंय हे नव्हतं माहीत. टिंबाला बोट टेकवायचं, रेघेला नख घासायचं. बरोबर?

बाबा : कोणी सांगितलं तुला हे?

टिंबू : त्यानेच. तीन आठवड्यांपूर्वी जेवताजेवता मी त्याला फोनवर आवाजी निरोप पाठवला. तो म्हणाला, तुझं सगळं कळलं, पण मागे दोन माणसं भांडताहेत ती कोण?

आई : भांडत नव्हतो आम्ही. भोपळ्याबद्दल चाललं होतं ते.

बाबा : अगं, तू कबूल कशाला करतेस?

टिंबू : दिवसभर लिफ्टचे आवाज ऐकून बिघाड शोधतो तो. टकटक कुठली फुकटची आणि कुठली कामाची, त्याला कळतं. मग त्याने मला हे ॲप दिलं. आज चहाभर माझा फोन बिस्किटांच्या ताटलीमागे उभा होता. वाचून दाखवू?

बाबा : फोनला आमची भाषा येते?

टिंबू : फुकट आहे ॲप.

बाबा : आम्हाला आठ महिने लागले. हातावर पट्ट्या खाल्ल्या.

टिंबू : ऐका. चार वाजून बारा मिनिटं. आई : 'बूट बाहेर काढले. बरं.' बाबा : 'मोज्याला भोक.' आई : 'पाहिलं.' बाबा : 'डाव्या.' आई : 'दोन्ही.'

आई : होतंच भोक. मी काही खोटं नाही बोलले.

टिंबू : चार सतरा. आई : 'नखं काळी.' बाबा : 'ग्रीस. धंद्याचं. माफ.' चार वीस. बाबा : 'तिसरं बिस्किट.' आई : 'मोजू नका.' बाबा : 'चौथं.'

आई : चौथं मी आग्रहाने दिलं होतं. ते धरायला नको होतं तुम्ही.

बाबा : मी धरलं नाही. नोंदवलं.

टिंबू : आणि आता हे. चार पंचवीस. बाबा : 'नऊ.' आई : 'नऊ?' बाबा : 'नऊ.' आई : 'बरं. नऊ.'

बाबा : नऊ म्हणजे, हे आपलं... किती वाजेपर्यंत बसणार, असं.

टिंबू : शिवणाच्या डब्याखालची पुस्तिका सापडली मला. ठरावीक मजकुरांची. माणसाने येऊन नंबर सांगायचा, तारेतून नुसता नंबर जायचा आणि पलीकडचा माणूस पुस्तिकेत बघून अख्खं वाक्य लिहून द्यायचा. सतरा नंबर, 'नवदांपत्यास शुभाशीर्वाद.' नऊ नंबर, 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

बाबा : हिने एकदा सतराच्या जागी नऊ लावला होता. भर मांडवात तार पोचली.

आई : त्या नवऱ्याने पुढे मला सांगितलं, तार बरोबरच होती म्हणून.

टिंबू : विषय बदलू नका. आणि मी फोनवरून फुलं, हसरे चेहरे पाठवते तर काय म्हणता तुम्ही? 'शब्द संपले वाटतं तुमच्या पिढीचे?' तुमचं तर आकड्यांवरच भागत होतं.

बाबा : आम्हाला दर शब्दाला हिशेब होता. तुम्हाला फुकट आहे, तरी काटकसर.

टिंबू : फुकट झाल्यावर तुम्ही काय केलंत? मी हॉस्टेलवर होते, परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमचा मेसेज. 'आई पडली. ठीक. बाबा.' कुठून पडली, काय ठीक, आई ठीक की पडली ते ठीक?

आई : स्टुलावरून. आणि ते मला पण विचारत बसले नव्हते, आधी मेसेज केला.

टिंबू : याआधी मी घरी आणलेल्या दातांच्या डॉक्टरला नऊ. सहलींवर नेणारा होता, त्यालाही नऊच दिला असणार. दुसऱ्या दिवशी मला काय सांगायचात? 'बघू गं, घाई काय आहे?' आणि मी वेडी समजायचे की तुम्ही विचार करताय. विचार टेबलावरच उरकलेला असायचा, माझ्या नाकासमोर.

आई : डॉक्टर खरंच नको होता बाई. आमची कवळी बघायला मागितली त्याने.

टिंबू : आई, ऐक. मी पुन्हा कोणाला घरी आणणार नाही. मला याच्याशी लग्न करायचंय, तुम्ही नऊ म्हणालात तरी करीन बहुतेक. पण मला तुमचं हो हवंय. चौतीस वर्षांच्या बाईला नसावं लागत, पण लागतंय. म्हणून विचारते, तोंडाने सांगा. काय खोट आहे त्याच्यात?

बाबा : चमचा.

टिंबू : चमचा?

बाबा : बशीवर चमचा घासत बसला होता. टक, टक, मग किर्र करून ओढायचा. बोलणं चालू आहे समोर, आणि याचं आपलं किर्र. माझे दात आंबले.

आई : ते मात्र खरं हं. मी कप उचलायला गेले तर बशी घट्ट धरून ठेवली त्याने.

टिंबू : थांबा. हे बघा. चार सव्वीस. फोनने इथे 'अनोळखी' असं लिहिलंय. आई नाही, बाबा नाही, तिसरंच कोणीतरी. 'दोन. सहा.' मग मोकळी जागा. परत 'दोन. सहा.' तुमच्या दोघांची टकटक मधे मधे चालूच, आणि खाली पुन्हा एकदा, 'दोन. सहा.'

आई : टक, टक, किर्र, किर्र, किर्र.

बाबा : काय?

आई : दोन टिंबं, तीन रेघा. अहो, दोन आहे तो. बोलत होता तो.

बाबा : छे. एवढ्या हळू? एवढ्या हळू कोणी वाजवतं का? एका आकड्यात माझा अर्धा कप चहा संपला.

टिंबू : तुम्हाला ऐकू नाही आलं. फोनला आलं. फोन थांबतो वाक्य पुरं व्हायला.

बाबा : बत्तीस वर्षं काढली मी त्या खुर्चीत. आणि समोर बसून माणूस तार करतोय आणि मी म्हणतो, चमचा वाजवतो.

टिंबू : तीन आठवडे शिकतोय तो. लिफ्टच्या टपावर बसून, पान्याने. तुमचं भराभरा बोलणं त्याला नाही कळत, पण आकडे लांबलचक असतात, तेवढे पकडतो. नऊ पकडला त्याने. पुस्तिकेचे फोटो मीच पाठवले होते, त्यामुळे अर्थही माहीत होता.

आई : आणि नऊ ऐकून त्याने सव्वीस पाठवला?

टिंबू : तीनदा.

आई : 'आपल्या शुभेच्छा पोचल्या. मनःपूर्वक आभार.'

बाबा : कोणी कधी पाठवायचंच नाही तो नंबर. आभार मानायला तारऑफिसात कोण येतंय?

आई : सांगू का हिला?

बाबा : काही गरज नाही.

आई : टिंबू, हे नवे लागले ना, तेव्हा यांचा हात इतका जड होता की पलीकडची सगळी ऑफिसं कंटाळायची. यांचं नाव पडलं होतं, बैलगाडी. मी चारशे किलोमीटरवर. तोंड पाहिलेलं नव्हतं एकमेकांचं. यांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत मी वेणी घालून यायचे.

बाबा : अतिशयोक्ती आहे. वेणी आधीच घातलेली असायची.

आई : बाकीचे मधेच तोडायचे. मी नाही तोडलं कधी. उलट मीही हळू वाजवायचे, म्हणजे यांना लाज वाटू नये. चौदा महिने. मग एके दिवशी सतरा नंबर आला. मी विचारलं, कोणासाठी? उत्तर आलं, आपल्यासाठी.

टिंबू : बाबा?

बाबा : आणि हिने काय कळवलं विचार. 'थांबा. गिऱ्हाईक आहे.' चाळीस मिनिटं. माझा हात तेव्हापासून जलद झाला.

टिंबू : मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं ना? नऊ का म्हणालात, बाबा? खरं सांगा. चमचा सोडून.

बाबा : काही वाईट नाही त्याच्यात. बिस्किटं खातो, बरं आहे. पण तू गेलीस, की आम्ही कोणापासून लपवून बोलायचं? दोघांच्याच घरात टेबल कशाला वाजवायचं? तोंडाने बोलावं लागेल.

आई : आणि तोंडाने यांना बोलता येत नाही. मला माहीत आहे ना.

बाबा : सगळं तुझ्याबद्दलच असायचं गं. भोपळा सोडला तर.

टिंबू : म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं असं कोणीतरी तुम्हाला हवं होतं, म्हणून मी हवी होते.

बाबा : असं काहीसं. नीट नाही सांगता येत.

टिंबू : आता ऐकणारा येतोय की. दर रविवारी येईल, जेवायला. तुम्ही भराभरा बोलत बसा, त्याला दहातलं एक कळेल. तोंडाने बोलायची वेळच यायची नाही.

(लिफ्टच्या जाळीतून, खालून लोखंडावर पाना वाजल्याचा आवाज. टक. मग लांब किर्र, पुन्हा पुन्हा.)

आई : गप्प. सगळे गप्प. कागद द्या.

बाबा : एक टिंब. रेघ. रेघ... ही तिसरी की अजून दुसरीच चालू आहे?

आई : श्श. रेघ. चार रेघा झाल्या. एक. एक आकडा आला.

टिंबू : काकू बाहेर निघाल्या असं सांगत असेल.

आई : रेघ, रेघ. टिंब. टिंब. टिंब. सात.

बाबा : एक, सात. पुढे काहीतरी आहे.

आई : प्रश्नचिन्ह आहे, अहो. सतरा, आणि प्रश्नचिन्ह.

टिंबू : आई, मी हे त्याला सांगितलेलं नाही. बाबांचं सतराचं मलाच आत्ता कळलं. देवाशप्पथ.

बाबा : रडू नकोस. मी लिहून घेतोय ना. चमचा कुठे त्याचा?

टिंबू : हा. काय करताय?

बाबा : जाळीवर वाजवतो. 'थांबा. गिऱ्हाईक आहे.'

टिंबू : बाबा, तो टपावर बसलाय लिफ्टच्या.

बाबा : मग मी चाळीस मिनिटं कुठे बसलो होतो? बरं, बरं. डोळे वटारू नकोस. काय कळवू मग, तूच सांग.

आई : सव्वीस वाजवा.

बाबा : बास? एवढंच?

आई : एवढंच. आणि दार उघडं ठेवा, म्हणजे नीट ऐकू जाईल.

टिंबू : बाबा, बाबा, किती भराभरा. त्याला काय कळणार आहे त्यातलं?

आई : परत वाजवा. हळू वाजवा हो. मी तुमच्यासाठी वाजवायचे तसं.