तळ्याकाठची सोबत

पहाटेपासून हरभऱ्यातली हरणं हाकून दमलेले व्यंकटराव मुखेड-अहमदपूर एसटीत डोळे मिटून बसले होते. पुढच्या सीटवर पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी आत्याशी बोलत होती.

“लुंबिनी, जंगलातून एकटी कशाला पळतीस? रोडनं पळ की.”

“एकटी कुठं, आत्या? झाडीतून तळ्याच्या काठाला आले की हरणं येतात. माझ्या बाजूनंच पळतात.”

“अगं बाई! भ्या न्हाई वाटत?”

“पहिल्या दिवशी झाडाआड लपले. आता मी जोर लावला की तेबी लावतात. उन्हाच्या पहिल्या तिरिपीत उड्या घेतात ना, पाय भुईला लागतच न्हाईत बघ. माझेबी.”

“खरंच?”

“हाव. पण पुढं एक हरभऱ्याचं रान हाय. तिथून गोफणीचा दगड येतो अन् समदी पांगतात. मग उरले मी एकटी.”

व्यंकटरावांनी डोळे उघडले. ते पुढं वाकले.

“पोरी, उद्या कवा पळणार?”

“दिस उगवताना. का हो काका?”

“तू पुढं जाईस्तोवर गोफण खाली ठेवतो. जन्मभर हाकूनच राहिलो, पळताना कधी बघितलंच न्हाई.”