निष्काळजी पासांचा तक्ता

— नाही, त्या सोफ्यावर नको, तिथे बसलं की माणूस पाठीत वाकतो. इथे टेबलाशी बस, आणि लॅपटॉप उघडण्याआधी काय करायचं आहे ते पूर्ण ऐकून घे. प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहायला घेणाऱ्या मुलांनी माझी पस्तीस वर्षं खाल्ली आहेत. तुला अरे-तुरे करते, अनिमेष, चालेल ना? चालायलाच हवं, नागपूरला माझ्या हाताखालून गेलेली पहिली मुलं आता आजोबा झाली आहेत. भीमजयंतीच्या कार्यक्रमात तू म्हणाला होतास, ‘आजी, कॉम्प्युटरचं काही अडलं तर मला सांगा’ — लोक असं म्हणतात आणि विसरतात, तू विसरला नाहीस, तिकडे शहरातल्या झुइडओस्टहून ह्या उइटहॉर्न गावापर्यंत शनिवारचा आलास, हे मी लक्षात ठेवीन. तर अडलं आहे. लोकेशने, म्हणजे माझ्या चिरंजीवांनी, सामने दिसतात त्या साइटचा पासवर्ड बदलला आहे. स्वतःच्या आईपासून लपवण्यासाठी! आज सात वाजता सामना आहे — तिथे दुपारचा एक — आणि आत्ता पाच वाजले आहेत. तो आणि सूनबाई नीलम बाहेर गेले आहेत. का बदलला ते विचारू नकोस. काम कर.

कसला सामना म्हणजे? बास्केटबॉलचा. हास, हास, नीलमही हसली होती. माझी नात प्रणिता — ही भिंतीवर आहे ती, सहा फूट एक इंच, आमच्या सात पिढ्यांत एवढं उंच कुणी झालं नाही — ती ओहायोतल्या एका कॉलेजच्या संघात आहे, दुसरं वर्ष. इथे स्पोर्टहालमध्ये आठव्या वर्षापासून खेळत होती, तिथूनच निवड झाली. मला त्या खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. मग मी शिकले. कसं शिकले? जसं सगळं शिकले तसं: वही आणून, रेघा मारून. हे बघ. कॉन्फरन्स म्हणजे परिषद वगैरे नव्हे, दहा कॉलेजांचं एक मंडळ. प्रत्येक कॉलेज बाकीच्या नऊजणांशी दोनदा खेळतं, एकूण अठरा सामने, त्यांतले नऊ झाले, आज दहावा. म्हणजे मोसमाचा नेमका मध्य — आणि तुला सांगते, इतका ओंगळ मध्य मी सहामाही परीक्षेतसुद्धा पाहिलेला नाही. पहिल्या सामन्यांतला उत्साह संपलेला, शेवटच्या सामन्यांची भीती अजून लागलेली नाही, आणि मधल्या मध्ये सगळ्या पोरी चेंडू असा फेकतात, जणू खरकटं पाणी अंगणात भिरकावायचं आहे. आणि संघांची नावं! विद्यादानासाठी उघडलेल्या संस्था, ग्रंथालयाला चार मजले, आणि स्वतःला म्हणवून घेतात काय, तर अस्वलं, घारी, रानडुकरं. गेल्या शनिवारी रानडुकरांनी घारींना हरवलं. हे वाक्य मला वहीत लिहावं लागलं, माझ्या अक्षरात. तो समालोचक वेगळाच. प्रत्येक गोष्ट त्याला ‘अविश्वसनीय’ वाटते. अरे, चेंडू टोपलीत पडला, त्यासाठीच टोपली टांगली आहे, विश्वास न बसण्यासारखं त्यात काय? आणि मध्येच विश्रांती आली की मोठाल्या पिपाण्या-ढोल घेतलेली पोरं, आणि कापडाचं अस्वल होऊन नाचणारा एक धटिंगण — त्याच्या आईवडिलांनी त्याला कशासाठी शिकायला पाठवलं असेल रे?

झालं? इतक्यात? ‘पासवर्ड विसरलात’ असं दाबलंस, माझ्याच ईमेलवर नवा आला आणि झालं. म्हणजे लोकेशचा बंदोबस्त हा एवढा. बरं. चहा घे. साखर त्या डब्यात आहे.

ही वही नीट धर, पानं सुटी आहेत. सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडळी घराबाहेर पडली की, मी तो पुन्हा लावते आणि थांबवून-थांबवून मोजते. गुण नाही मोजत; गुण ते लोक मोजतात. मी मोजते निष्काळजी पास. म्हणजे पोरीने मान वर न करता, समोर कोण उभं आहे ते न बघता चेंडू दिला की एक रेघ. तो चेंडू दैवाने आपल्याच पोरीच्या हातात पडला तरी रेघ. कारण चूक ही परिणामावर ठरत नाही, कृतीवर ठरते — उत्तर बरोबर आलं, पण रीत चुकली, तर मी गुण देत नसे, आणि बाकीचे शिक्षक माझ्यावर हसत. इथल्या डच शाळांत काय, दहापैकी सहा पडले की पोरं केक कापतात. प्रणितालाही तीच सवय. ‘आजी, सहा इज फाइन.’ मी म्हटलं, सहा म्हणजे चार चुका, आणि त्या चार कुठे आहेत ते मला दाखव. दाखवायची बरं का! जीभ चावत, डचमध्ये पुटपुटत, पण एकेक चूक बोटाने दाखवायची. पुढे तिला तो खेळच वाटायला लागला.

हां, हे शेवटचे दोन रकाने. आठवा सामना, शून्य मिनिटं. नववा, शून्य मिनिटं. तेच तर सांगते आहे! चांगली धडधाकट पोरगी, सातव्या सामन्यात एकतीस मिनिटं खेळली, खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत उतरली, आणि त्यानंतर दोन्ही सामने बाकावर टॉवेल घेऊन. ह्याला काय म्हणायचं? त्या कोचबाईंना विचारायला नको? आणि आज तिसऱ्यांदा बसली तर नाव कमी. उरलेल्या मोसमापुरतं; आणि तिथे मोसमापुरतं गेलेलं नाव पुढच्या वर्षी परत येत नाही, असं लोकेश म्हणतो. पोरीचं दहा-बारा वर्षांचं काम, आणि ते सात वाजता —

काय? हो. कोचबाईंना मी लिहिलं होतं. तुला लोकेशने सांगितलं का काही? नाही ना? मग असं बघू नकोस. सहावा सामना झाल्यावर लिहिलं. आमच्या वेळी पालक मुख्याध्यापिकेला पत्र लिहीत असत. त्यात गैर काय? मी स्वतः अशी शेकडो पत्रं वाचली, उत्तरं दिली. प्रणिता तेव्हा सामन्याला दहा मिनिटं खेळायची आणि तिच्या जागी खेळायची ती केटलिन — तिची खोलीतली जोडीदार, सोनेरी वेणीची, गोड मुलगी, नाताळात आपल्या इथे आठ दिवस राहून गेली, माझ्या हातची पुरणपोळी दोन्ही हातांनी खाल्ली — तर ती तीस-तीस मिनिटं. आणि मान वर करायची नाही! मी तक्ता केला, सहा सामन्यांचा. दर दहा मिनिटांमागे निष्काळजी पास: केटलिन दोन पूर्णांक एक, प्रणिता एक पूर्णांक आठ. खाली सही. आयपॅडवर एका बोटाने पत्र टाइप केलं, तक्त्याचा फोटो जोडला, पाठवलं. आणि लोकेश म्हणाला, ‘आई, त्या तुझं पत्र वाचणारसुद्धा नाहीत.’ वाचलं. त्यांनी उत्तर दिलं, की इतक्या बारकाईने कुणी मोजत नाही, आमच्याकडे तेवढी माणसंच नाहीत, दर आठवड्याला पाठवाल का? बघ तू! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! आणि सातव्या सामन्याला केटलिन बाकावर आणि आपली आत.

मग शून्य का, हे तू विचारणारच. इंजिनिअर आहेस. कोचबाईंनी नाही बसवलं तिला. ती स्वतः बसली आहे. सातवा सामना झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर तक्ता दाखवला, कौतुकाने, ‘हे प्रणिताच्या आजीने केलं आहे’ म्हणून — नावानिशी, केटलिनच्या नावासकट. केटलिन त्याच खोलीत राहते रे. पलंगाला पलंग. आणि आमच्या बाईसाहेबांनी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, की मी उतरणार नाही. कारण सांगितलं नाही, नुसतं नाही म्हटलं. माझा फोन घेत नाही. पंधरा दिवस झाले. लोकेश म्हणतो, तिच्या मनाला लागलं आहे, तिला काही दिवस सोडून दे, सामने बघू नकोस, म्हणून तर तो पासवर्ड. हा भावनेचा प्रश्न आहे म्हणे. मला किळस येते ह्या शब्दाची, इथे ज्याला-त्याला तो लावतात. भावना कसली? अभ्यासाचा मामला आहे, आकड्यांचा आहे. मैत्रीण आहे म्हणून कमी मोजायचं का मी? माझी आई गयाबाई — सही करता येत नव्हती तिला, पण सांगायची, ‘पोरी, मागून घेतलेला मार्क अंगी लागत नाही.’ मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा स्टाफरूममध्ये बोलले लोक, माझ्या तोंडावर बोलले, ‘ह्यांचं काय, ह्यांना सवलत असते.’ म्हणून पस्तीस वर्षांत मी अर्धा गुण कुणाला दिला नाही आणि घेतला नाही. सातवीत लोकेशला दोन गुणांनी नापास केलं, पोटच्या पोराला. तो अजून बोलून दाखवतो. दाखवू दे.

तू ते पान का उलटलंस? चौथ्या सामन्याचं. ते कच्चं आहे, पेन्सिलीचं. पक्का तक्ता पुढे आहे, तो बघ. अरे, तो बघ ना!

सात आहेत. हो, मलाही दिसतात. सात रेघा. प्रणिताला ताप होता त्या दिवशी, एकशे एक, नीलमशी फोनवर बोलली होती ती; तापाच्या अंगाने उभी राहिली, हेच पुष्कळ. म्हणून तो सामना मी तिच्यासाठी धरला नाही. आजारी मुलाचा पेपर धरत नाहीत, कुठल्याही शाळेत धरत नाहीत.

मिनिटं? मिनिटं... धरली. दहा. होय. साठ मिनिटं लिहिली आहेत ना तक्त्यात, मग त्यात ती दहा आलीच. तुला गणित येतं, मला कशाला विचारतोस? तो सामना पूर्ण वगळून मी बघितलं होतं. अकराला पाचाने भागलं. दोन पूर्णांक दोन येत होते. केटलिनचे दोन पूर्णांक एक. एवढंसं, अनिमेष, नखाएवढं. मी परत भागून बघितलं. मग उठून कुकर लावला, नीलमची भाजी चिरून ठेवली, परत बसले, आणि चौथ्या सामन्यापुढे मिनिटं दहा लिहिली, पास शून्य. माझ्या अक्षरात. पुढे बारीक बरोबरची खूणसुद्धा केली — ती सवयच हाताला.

आणि ते सात मिळवून, अठराला सहाने भागून किती होतात, ते म्हणू नकोस. तीन. मला येतो पाढा.

तिने मोजले होते ना. तीच तर गंमत. तिला तिच्या चुका पाठ असतात. मीच लावली सवय. फोन घेत नाही असं मी म्हटलं, पण एक निरोप आला होता. पंधरा दिवसांत एकच. ‘आजी, माझे सात कुठे आहेत?’ मराठीत! आयुष्यात ह्या मुलीने मला चार शब्द मराठीत लिहिले नव्हते, आणि लिहिले ते हे. एक वेलांटी चुकली नाही. लोकेशला मी तो दाखवला नाही. त्याला वाटतं, आजीच्या कडकपणाने पोर दुखावली. वाटू दे. ते बरं आहे. ते मला चालतं.

मी उत्तर दिलं नाही. काय द्यायचं? कोचबाईंना ती स्वतः सांगू शकते, ‘आजीचा तक्ता खोटा आहे’ — सांगत नाही. बसून राहते. स्वतःचं नाव कमी होऊ देईल, पण माझं — तुझा चहा निवला, बदलून देऊ का? नको? बरं.

लॅपटॉप इकडे फिरव. तिथे पत्र उघड. नाही, तिला नाही, कोचबाईंना. पत्ता त्या वहीच्या मलपृष्ठावर आहे. इंग्रजीत लिही, मी सांगते. ‘माननीय महोदया, मी आपणास पाठवलेल्या तक्त्यात’ — लिहिलंस? — ‘चौथ्या सामन्याच्या नोंदीत’ — थांब. तू काय टाइप केलंस? ‘मिस्टेक’? खोड ते. मी सांगितलं नाही ते लिहायचं नाही. मिस्टेक केटलिन करते, मान वर न करता. मी मान वर करून, बघून, दोनदा भागून केलं. खोड म्हटलं ना. खोडलंस? आता दुसरा शब्द — नाही, तू सुचवू नकोस. कुणीही मला शब्द सुचवायचे नाहीत. सहा वाजतच आले की. तिथे ते सामन्याआधी तासभर मैदानात असतात, म्हणजे तिच्या कोचबाई फोन बघतील तर आत्ताच.

ऊठ. ऊठ तिथून, मला बसू दे. मला टाइप करता येतं. हळू येतं, पण येतं. तू जॅकेट घाल. नाही, थांबून मदत नको, चूक असेल तर मी माझी शोधीन. उगाच चेहरा पाडू नकोस, तुझ्यावर रागावले नाही मी. तो समोरचा दिवा लाव आणि जा; लोकेश येईल, त्याला तू इथे दिसायला नकोस. जय भीम, जय भीम. अरे, जा ना! मागे वळून पडद्याकडे काय बघतोस? दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे कुणी शिकवलं नाही का तुला?