वाळूवरच्या रेघा

—नाही नाही, ते तिथं मधे नको, कुणीतरी अडखळून पडेल. त्या कोपऱ्यात उभं कर, कोटांच्या मागं. केवढं लांब पुडकं आहे गं! जून महिन्यात बर्फावर घसरायच्या पट्ट्या घेऊन आलीस की काय? पण हल्ली पोरं काय वाट्टेल ते आणतात बोटीवरून — परवा एकानं मासे धुरवायचं अख्खं पिंप आणलं, ताल्लिनहून हेलसिंकीपर्यंत त्यावरच बसून आला म्हणे, कुणी काही म्हटलं नाही. बस. बूट राहू देत, हे काय घर नाही. कॉफी घे, दूध तिकडं. मी उर्वे. दर शनिवारी मी असते इथं — एस्टोनियन मंडळ म्हणजे फार मोठं काही समजू नकोस, एक टेबल, एक कॉफीचं मशीन आणि मी. नवीन माणूस आलं की पहिला प्रश्न पावाचा. तुझा नाही? सांगून ठेवते तरी, महिन्याभरात लागेलच. इथला काळा पाव वाळका, मधे भोक असलेला, दाताखाली पुठ्ठा. आपला हवा असेल तर बाजारामागच्या दुकानात शुक्रवारी येतो, आणि दुपारच्या आत संपतो. खारवलेले मासेही तिथंच. बाई जरा फटकळ आहे, पण आपल्याच तार्तूकडची आहे, मनावर घेऊ नकोस.

आता ऐक, सगळ्यात आधी पत्ता. सगळे इथंच चुकतात. इथं राहायला आलीस की आठवडाभरात पत्ता बदलायचा, इथं आणि तिकडंही — नाहीतर काय होतं, डॉक्टर तुला इकडं बघत नाही, तिकडं म्हणतात तू आमची नाहीस, आणि सरकारी पत्रं जाऊन पडतात जुन्या घराच्या पेटीत. मी हे इथं बसून शंभरदा तरी सांगितलंय. मी बदलला का? नाही. हसू नकोस. सतरा वर्षं झाली, भाडं इथं भरते, म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी धुते ती इथं, कर इथं — आणि कागदोपत्री मी अजून आईच्या घरात राहते. बेटावर. का नाही बदलला? काय सांगू, आळस. आळसच म्हण. दरवेळी संगणकासमोर बसायची, ओळखपत्र आत सरकवायची, आणि मग भांडी घासायला उठायची. कुठलं बेट म्हणजे? हीउमा. तू पण? हो का. कुठं? — चर्चजवळ? थांब, तू निळ्या फाटकाच्या एन्डलाची का? धाकटी? केर्तू? अगं, मी बेट सोडलं तेव्हा तू कुंपणावर बसून कच्चे आवळे खायचीस, तोंड वाकडं करकरून. बरं. आई बरी आहे ना तुझी? बरी आहे. बरं झालं. नाही, तेवढंच विचारलं. बाकीचं नंतर सांग, आधी माझं ऐकून घे, मग मी विसरते.

ओळखपत्र. त्याची मुदत संपायच्या आधीच इथल्या वकिलातीत जायचं, संपल्यावर नाही. त्याचे ते दोन गुप्त आकडे असतात ना, ते पाठ करायचे, फोनमध्ये लिहून ठेवायचे नाहीत. त्या कार्डावर सगळं होतं — मत देता येतं, सही करता येते, घरबसल्या जग चालवता येतं. म्हणूनच आपले लोक परत जायला विसरतात, सगळं इथूनच होतंय म्हटल्यावर जायचं कशाला? मग मालक. इथला मालक ओरडत नाही, आणि तेच वाईट — आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, आणि एक दिवस तो शांतपणे सांगतो, सोमवारपासून येऊ नका. काम सुरू करायच्या आधी सही झाली पाहिजे, तोंडी काही नाही. आणि पहिल्या हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी घरी पळू नकोस. पण अगदी जायचं सोडूही नकोस. आधी दर महिन्याला जातो माणूस, मग नाताळला आणि जूनमधल्या मिडसमरच्या सणाला, मग नुसतं नाताळला, मग एकदा वादळात बोट बंद होते आणि तेवढं कारण पुरतं. तू काहीतरी सांगणार होतीस. हो, कळतंय मला. कॉफी पी, गार होतेय.

काय म्हणत होते — हां, इथल्या कबरी. तू बघशील, बसमधून जाताना दिसतात. गवत. नुसतं हिरवं गवत, यंत्रानं कापलेलं, सगळ्यांवर सारखं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, या लोकांना कुणी उरलं नाही की काय. आपल्याकडं वाळू, प्रत्येक घराच्या कबरींभोवती आखलेल्या चौकोनात. तुला काय सांगायचं, तूही केलंच असशील — दर शनिवारी दाताळं घेऊन जायचं, पाईनच्या सुया उचलायच्या, मग रेघा ओढायच्या, कोपऱ्यापासून सुरुवात करून उलटं उलटं चालत बाहेर यायचं, म्हणजे आपली पावलं आपणच पुसत जातो. शेवटची रेघ चौकोनाच्या कडेला, उंबऱ्याशी. आत एकही पाऊल राहिलं नाही पाहिजे. आमच्यात पाळी असायची, एक शनिवार हेल्यूचा, एक माझा — हेल्यू माझी थोरली. आजोबांच्या कबरीवर. हेल्यू माशाच्या काट्यासारख्या रेघा ओढायची, मधे एक कणा आणि दोन्हीकडं तिरप्या. मी आपल्या सरळ, लवकर संपवायच्या. दाताळ्याचा एक दात मीच तोडला, दगडावर आपटून, डावीकडून तिसरा. आई म्हणाली, आहे ते चालवा. मग प्रत्येक फटकाऱ्यात एक पट्टी सपाट राहायची. त्या सगळ्या दफनभूमीत तेवढी आमचीच वाळू ओळखू यायची.

हेल्यूशी? नाही, नाही बोलत आम्ही. भांडण? छे, भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, कबरींचा रविवार होता, जुलैतला — सगळी गावं येतात, पाद्री बोलतो, बँड वाजतो, तुला माहीत आहे. माझी बोट उशिरा लागली, मग बेटाची बोट चुकली, मी पोचले तेव्हा प्रार्थना सुरू झालेली. हेल्यूनं पहाटेच रेघा ओढून ठेवल्या होत्या, अशा की बघत राहावं. मी कामावरून तशीच निघालेली, शहरातले बूट, टाचा. आईच्या जवळ जाऊन मेणबत्ती लावावी म्हणून आत गेले. लावली. उभी राहिले जरा. आणि परत फिरते तो हेल्यू दाताळं घेऊन माझ्या मागं. मी एक पाऊल टाकायचं, तिनं ते पुसायचं. एक पाऊल, पुसलं. सगळं गाव बघत होतं, तुझी आईसुद्धा होती तिथं, विचार तिला. उंबऱ्याबाहेर आले आणि सरळ बस पकडली. तिनं वाईट केलं का? नाही गं. वाळूवर पावलं राहू द्यायची नसतात, मलाही तेच शिकवलंय. पण मला वाटलं, ही मला इथून पुसतेय. लागलं मला, फार लागलं. आणि तिला काय वाटलं, ते मी विचारलं नाही. सात वर्षं झाली.

नाही, तसं अगदी तुटलं म्हणता येणार नाही. चर्चवाले फोटो टाकतात ना. दर सणाला. मी मोठे करून बघते. मागं, डाव्या हाताला, सायकलींच्या पलीकडं आमची वाळू दिसते. काटा असतो, कणा असतो, आणि ती एक सपाट पट्टी. म्हटलं, ठीक आहे, गुडघे चालतायत हिचे. नाताळला बर्फावर मेणबत्ती दिसली, म्हटलं ठीक आहे. एवढं पुरायचं मला. तुला हसू येईल, पण लोक रोज फोनवर बोलून जे सांगत नाहीत ते मला त्यात दिसायचं. मग यंदा मे महिन्यात, मातृदिनाच्या रविवारचे फोटो आले. सगळ्यांकडं फुलं, आणि आमच्याकडं सुया. वर्षभराच्या साचल्यासारख्या. एकही रेघ नाही. मी काय केलं? मी काही नाही केलं. फोन घेतला, ठेवला. शनिवारी इथं आले, मशीन लावलं, एका मुलाला पत्त्याचं समजावून सांगितलं. मला तेव्हापासून ठाऊक आहे केर्तू. तू दारातून आत आलीस आणि ते कोपऱ्यात उभं केलंस, तेव्हाही कळलं. दाताळ्याची लांबी कळते ना. मी आपली बडबडत राहिले.

आण ते पुडकं, सोड. दोरी कापू नकोस, गाठ सुटते, एन्डला नेहमी तीच गाठ मारते. हं. दांडा नवीन घातलाय. कधी घातला? बरं, तुला माहीत नसणार. डावीकडून तिसरा — हो. हेल्यू कधी गेली? … आणि माती कधी दिली? गेल्या शनिवारी. गेल्या शनिवारी मी इथं होते, साखर संपली होती म्हणून खाली दुकानात गेले होते. मला कळवलं का नाही — कळवलं? पत्र? कुठं? घरी. बरोबर. माझा पत्ता तिथलाच ना, आईच्या घरचा, हेल्यू राहायची तिथला. हेल्यू दवाखान्यात, आणि माझं पत्र तिच्या पेटीत. मग एन्डलानं तुझ्याबरोबर हे पाठवलं. बरं केलं. हेल्यू काही म्हणाली होती? सगळं नको सांगूस, कुणाला किती त्रास झाला ते नको. तिचे शब्द सांग, जसेच्या तसे.

"उर्वेला सांगा, आता तिची पाळी."

एवढंच? एवढंच. हो, हेल्यूच ती. नाही, मला रडू येत नाही, तू माझ्याकडं अशी बघू नकोस. आत काहीच हलत नाहीये, खरं सांगते, चादरींचं मशीन बंद पडतं तेव्हा असं होतं. नंतर येईल बहुतेक, बोटीवर वगैरे. बोटीवर याला कुणी काही म्हणालं? लांब सामान, लोखंडी दात? नाही ना? मग लक्षात ठेव, पुढं कुणी विचारलं तर सांगता येईल. आत्ता तिथं हारांचा ढीग असेल, फांद्या असतील, नव्या मातीला लगेच हात लावायचा नसतो, बसू द्यायची असते. पण बाजूला आई आहे. तिच्यावर मे महिन्याच्या आधीपासून सुया साचल्यात.

ही किल्ली घे. घे म्हणते ना. पाचला बंद करायचं, कप धुऊन पालथे घालायचे, मशीनचं बटण मागून बंद होतं. कुणी आलं तर पाव शुक्रवारी, दुपारच्या आत. ओळखपत्र मुदतीआधी. आणि पत्ता, केर्तू, पत्त्याचं दोनदा सांग. मी संध्याकाळची बोट बघते. आता माझ्या मागून पुसत येणारं कुणी नाही, मलाच उलटं चालत यायला हवं — जमेल, विसरलेली नाहीये मी. नको, परत कागदात गुंडाळू नकोस. असंच दे. दार तेवढं ओढून घे.