चेपलेलं युरेनियम

"हॅलो? हॅलो… वसंतादादा? मी सत्यशीला! अंबडहून… अरे न्हाई, घरी सगळे बरे आहेत. बाबा बी बरे. ऐक ना, ट्रंक कॉल आहे, तीनच मिनिटं!"

प्रदर्शन भरलेल्या शाळेसमोरच्या हुकमचंदकाकांच्या कापडदुकानात, ताग्यांच्या मधोमध उभी राहून सत्यशीला औरंगाबादच्या वसतिगृहातल्या भावाशी इतक्या मोठ्यानं बोलत होती, की फोनची गरजच नसावी.

"विज्ञान प्रदर्शनाचंच… हो, शाडूचं केलं. युरेनियमचं केंद्रक. तू पत्रात लिहिलं तसंच, लांबट. एकदम अंड्यासारखं… माफ करा काका! दादा, हळू बोलते, जैनांच्या दुकानात अंड्याचं नाव नको. लांबट बोरासारखं, बस. हसू नको!

मंग काय, रामराव सरांना वाटलं गावाहून आणताना एस्टीत चेपलं. मी पाणी प्यायला गेल्ते, तेवढ्यात त्यांनी पाणी लावून, वळून वळून… गोल! लाडवासारखं गोल! वर मला म्हणले, घाबरू नको पोरी, केलं बराबर.

…काय सांगू त्यांना? त्यांनी घरी चार चकरा मारल्या म्हणून बाबांनी माझी शाळा सोडवली न्हाई. त्या माणसाला चुकलात म्हणू?"

पलीकडून काहीतरी लांबलचक येत राहिलं. ती रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"हो… हो… पुस्तकातल्या चित्रात गोलच आहे, माहीत आहे मला. परीक्षक बी गोललाच नंबर देतील… काय? राहू दे? दादा, तू म्हणतोस हे? एम.एस्सी.ला जाऊन?

थांब, मला बोलू दे. परीक्षकांना कसं समजवायचं, कालपासून हाच विचार करून राह्यले. गोटी फिरवली, अगदी गुळगुळीत, ठिपका बी न्हाई, तर फिरतीय का थांबलीय कुणाला कळावं? बोर फिरवलं की जल्दी कळतं… हां! तसंच केंद्रकाचं ना? बिलकुल गोल असलं तर त्याच्या फिरण्याला अर्थच न्हाई. लांबट असलं तर फिरतं, मंदावत जातं, अन् ऊर्जेची एकेक पायरी उतरताना गॅमा किरण सोडतं. त्या पायऱ्यांवरून ओळखलं लोकांनी. डोळ्यानं कुणी पाह्यलं न्हाई, तरी ओळखलं! मला तेच लई आवडलं, दादा. मंग गोल गोळा समोर ठेवून दोन वाजता परीक्षकांना मी काय सांगू?

…न्हाई, तू नको बोलू सरांशी. तुझं ऐकतील रे, पण मंग ते तुझं सांगणं होईल, माझं न्हाई… भीती? आहे ना. नंबर गेला तर गेला, सर रुसले तर… काय? काय म्हणलास? ऑपरेटरबाई, अर्धं मिनिट अजून… हॅलो? हॅलो?"

लाइन गेली. काकांना मान डोलावून ती पायरीवर आली. रस्त्यापलीकडे रामराव सर शाडूनं माखलेले हात अंगापासून लांब धरून हापशाकडे निघाले होते.

"सर! ते तसंच लांबट असतं, मी मुद्दाम केल्तं… सर, हात धुवू नका अजून!"