तारक्का आज का आली नाही

मंडळी, बसा. जागा मिळेल तिथं बसा. आणि कोणीतरी आधी त्या मागच्या खिडक्या उघडा. थंडी वाजेल. वाजू दे. केशव असता तर आत पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं त्याच उघडल्या असत्या.

मला बोलायला सांगितलंय. मी पखवाज वाजवणारा माणूस. आमच्या भजनी मंडळात बोलायचं काम केशवचं. अभंग सुरू करण्याआधी दोन शब्द तोच बोलायचा, मी नुसता थाप द्यायला टपलेला असायचो. आज त्याच्यावरच बोलायचं म्हणजे हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी माझी म्हैसूरची मराठी सांभाळून घ्यावी. येन माडोदु, काय करायचं, जिभेला वळणच तसं आहे.

केशव कोरोनानं गेला. मी मुद्दाम नाव घेतोय. सकाळपासून मी ऐकतोय, वय झालं होतं, शुगर होती, थंडी बाधली. कोरोना म्हणायला कोणी तयार नाही. आता कुठला आलाय कोरोना, म्हणतात. खरं आहे, बहुतेकांना तो आता सर्दीपडशासारखा येतो आणि जातो. पण तो गेला कुठं नाही, मंडळी. म्हाताऱ्या माणसाला, शुगरवाल्याला, एकदा छाती पोळून निघालेल्याला तो अजून सोडत नाही. केशवनं लस घेतली होती. तिनं त्याला बरीच वर्षं सांभाळलं. डॉक्टरांनी पुढचा डोस घ्या म्हणून सांगितलं होतं, पण हा शिंपी माणूस, तो डोस लग्नसराईच्या शिलाईत राहून गेला.

ती वाईट वर्षं आठवतात ना? ह्याच केशवनं अस्तराचं कापड फाडून मास्क शिवले आणि सगळ्या गल्लीला वाटले. नाक उघडं ठेवणाऱ्याला भर रस्त्यात थांबवायचा. म्हणायचा, "अण्णा, बटणं न लावता शर्ट घालून बाजारात जाता का? मग हे नाक बाहेर कशाला?" लहान मुलांना समजवायची त्याची एक रीत होती. बंद खोलीत उदबत्ती लावायचा आणि कोपऱ्यातल्या पोराला विचारायचा, "वास आला? तुला कोणी हात तरी लावला का?" मग खिडकी उघडायचा. म्हणायचा, "खोकणाऱ्याचा श्वास असाच फिरतो, आणि असाच बाहेर जातो. वाट करून द्यावी लागते."

इतकं समजणारा माणूस. मग तो फसला कुठं?

भिडेत फसला.

पिरियापट्टणला त्याचा आतेभाऊ वारला. केशव समाचाराला गेला. आपल्यात कसं आहे, लग्नाला नाही गेलात तर चालतं, पण समाचाराला नाही गेलात तर नातं तुटलं. अल्ला, हो की नाही? थंडीचे दिवस, दारं लावलेली, गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसलेली. नवा माणूस आला की गळ्यात पडून रडायचं. त्यात एक नातेवाईक टॉवेल तोंडाला लावून खोकत होता. केशवच्या खिशात मास्क होता. घडी घातलेला, स्वतः शिवलेला. त्यानं तो काढला नाही.

नंतर हॉस्पिटलातून त्यानं मला फोन केला. दर वाक्याला धाप. मी म्हटलं, तू बोलू नको. तो म्हणाला, "माधवा, दुःखाच्या घरी तोंड झाकून कसं बसायचं रे? त्यांना वाटलं असतं, आम्हाला विटाळ मानतो. आणि त्या खोकणाऱ्याचं तरी काय चुकलं? तो आला नसता तर सगळे त्याला जन्मभर बोलले असते."

मग म्हणाला, "माझ्या समाचाराला खोकणाऱ्यानं येऊ नये. आणि तो आला नाही म्हणून जो बोल लावेल, त्याला माझी शपथ."

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

आता तारक्काचं.

आज इथं तारक्का नाही. केशवला बायको नाही, मूल नाही, होती ती ही एक सख्खी बहीण. दोन घरं पलीकडे राहते. आणि ती आली नाही. तुम्ही काय म्हणताय ते माझ्या कानावर आलंय. कोणी म्हणालं, दगडाच्या काळजाची. कोणी म्हणालं, भावाच्या घरावर डोळा असेल म्हणून तोंड लपवते. साधा ताप, त्याला एवढं काय, असंही म्हणालात.

मंडळी, केशव आजारी पडला तेव्हा गंजी, तांदळाची पेज, घेऊन त्याच्या उशाशी कोण बसत होतं? तारक्का. नाकतोंड झाकून, दार उघडं टाकून, हात धुऊन. सगळं केलं बिचारीनं, तरी तिला झालंच. काळजी घेतली तरी कधी कधी होतंच. तपासणीत निघालं, ताप आहे, खोकला आहे. अँब्युलन्स केशवला घेऊन गेली तेव्हा ती दारात उभी होती. तेच त्याचं शेवटचं तोंड बघणं. तिचा भाऊ परत आला तो झाकलेला, आणि तिनं तो खिडकीतून बघितला.

काल मी तिला फोन केला. म्हटलं, अक्का, मास्क लावून ये, मागं बस, लोक बोलतील. ती म्हणाली, "बोलू देत. पुढच्या रांगेत आपली राधाअज्जी बसेल. पहिल्यांदा तीच माझ्या गळ्यात पडेल. माधवा, एक मरण मी बघितलं, दुसरं वाटू का?"

अज्जी, तुम्ही सकाळपासून सगळ्यांना विचारताय, तारा का नाही आली. म्हणून नाही आली.

मला फार दुःख होतंय. माझा दोस्त गेला, ह्याचं होतंच आहे. पण ती बाई त्या घरात एकटी बसून रडतेय, आणि तिच्या गळ्यात पडायला कोणी नाही. आणि कोणी जाऊही नये. ह्याला मी काय करू? एवढंच सुचतं, तेवढं सांगतो.

आता आपण उभे राहू. केशवसाठी शांत राहू. आणि हे मौन इथं सोडायचं नाही. तसंच न बोलता बाहेर पडायचं, त्याच्या गल्लीतून जायचं, आणि तारक्काच्या खिडकीखाली रस्त्यावर थांबायचं. वर कोणी चढू नका. हाक मारू नका. नुसते हात जोडा. ती खिडकी उघडी ठेवून बसली आहे.

केशवा, तुझ्या समाचाराला आम्ही असे येतो.

उठा मंडळी.