कबुतर घराकडेच येतं

नाव छुआ ग्योक-इम, वय ३३, धंदा मासेमारीची जाळी दुरुस्त करणे, राहणार बर्फाच्या कारखान्यामागे, तुंगकांग बंदर, तैवान. दि. १७ ऑक्टोबर १९७४.

मी समक्ष ठाण्यात येऊन सांगते की, वरील घर माझ्या वडिलांचं असून तिथे मी, माझा नवरा कुन-हाय आणि पहिल्या लग्नाची मुलगी अ-बी, वय ८, असे राहतो. पहिला नवरा अंग थ्याम-हो याच्याशी माझा दोन वर्षांपूर्वी काडीमोड झाला. तो शर्यतीची कबुतरं पाळायचा. खुराडं माझ्याच गच्चीवर, म्हणून तो गेला आणि कबुतरं राहिली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो मादीच्या खोक्यात दुसरा नर सोडायचा आणि तिच्या जोडीदाराला जाळीतून ते बघायला लावायचा. म्हणायचा, "जळू दे साल्याला. जळणारा सगळ्यांच्या आधी घरी पोचतो." त्याची कबुतरं खरंच पहिली यायची.

काल सकाळी तो घरी आला. कुन-हाय कामावर होता. थ्याम-होने पेज मागितली, मी वाढली. म्हणाला, "घाबरतेस काय? खात नाही तुला. तीन कबुतरं दे विकायला, आणि पोरीला जत्रा दाखवून आणतो." अ-बी चपला घालून दारात उभीच होती. मी कबुतरं दिली आणि तिला जा म्हटलं.

दुपारी एक कबुतर परत आलं. पायाला चिठ्ठी होती, "खोक्यातला दुसरा नर काढ. मग पोर सोडतो." संध्याकाळी दुसरं आलं. त्याच्या पायाला अ-बीच्या केसांची बट होती, तिच्याच लाल दोऱ्याने बांधलेली. तिसरं अजून त्याच्याजवळ आहे. ते काय घेऊन येईल हे माझ्या तोंडून वदवू नका.

आपण म्हणालात, "बाई, कायद्याने पोर बापाची. बापाने नेली तर गुन्हा कसला? घरातल्या घरात मिटवा." साहेब, मिटवायलाच आले आहे. माझी काही तक्रार नाही, असं लिहा. मी कुन-हायला सोडते, असंही लिहा. पण थ्याम-होला हे कळवू कशी? कबुतर घराकडेच येतं हो! माझ्याकडून त्याच्याकडे जाणारं एकही नाही. तो कुठे दडलाय देव जाणे. म्हणून पाया पडते, हा कागद देवळाच्या भोंग्यावरून वाचा, होड्यांच्या रेडिओवर वाचा. तिसरं कबुतर सुटायच्या आत वाचा.

कुन-हाय बाहेर बसला आहे. त्यानेच मला सायकलवर आणलं. रात्रभर तो सगळा किनारा पालथा घालत होता. वाटेत म्हणाला, "रडू नकोस गं. आपली पोर सापडली की तिला बर्फाचा गोळा देऊ, हवा तेवढा पाक घालून." चिठ्ठी मी त्याला दाखवलेली नाही. तो भांडला असता तर सांगितलं असतं. तो गुमान कपडे बांधून निघून जाईल, म्हणून मला सांगवत नाही.

सरकारी भाषेत लिहिलेला जबाब मला आमच्या बोलीत वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे, सही करून अंगठा उठवला आहे. आता हाच कागद बाहेर नेऊन त्यालाही वाचून दाखवा. मी इथेच बसते.